जालकाची कुळकथा

अणुभट्टीत इंधनाच्या कांड्या ठरावीक चौकटीत मांडतात, त्या मांडणीला जालक म्हणतात. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बोलताना ‘लॅटिस’ हाच शब्द चालतो, आणि लगतच्या दोन कांड्यांच्या मध्यांतले अंतर म्हणजे ‘पिच’. कळसाडीच्या, किंवा नंदुरबार जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्याही गावच्या, पपई आणि कापूस लावणाऱ्याला ही कल्पना परकी नाही. रोपे दाट झाली तर एकमेकांचे ऊन खातात, विरळ झाली तर रान वाया जाते. चौफुलीवर लावलेले शेत आणि भट्टीचा आडवा छेद शेजारी ठेवले तर ठिपक्यांची रचना एकच दिसेल. मात्र शेतात अंतर चुकले तर उत्पन्न घटते. नैसर्गिक युरेनियमच्या भट्टीत फार चुकले तर ती पेटतच नाही.

जालकाच्या आधी प्रश्न होता आकाराचा. १९३८ च्या अखेरीस हान आणि स्ट्रासमान या शास्त्रज्ञांच्या प्रयोगांतून युरेनियमचे भंजन, म्हणजे अणुकेंद्राचे फुटणे, उघड झाले आणि १९३९ मध्येच फ्रान्सिस पेरँ याने पॅरिसमध्ये साखळी विक्रिया टिकायला किती युरेनियम लागेल याचे गणित मांडले. गणिताचा गाभा शाळेतल्या भूमितीचा आहे. साखळी पुढे नेणारे न्यूट्रॉन जन्मतात घनफळात आणि निसटतात पृष्ठभागातून. ढीग दुप्पट रुंद, लांब आणि उंच केला तर घनफळ आठपट होते, पृष्ठभाग चौपटच. म्हणून लहान ढिगातून न्यूट्रॉनांची गळती जास्त, मोठ्यातून कमी. मध्ये कुठेतरी जमाखर्च बरोबर जुळतो. तो क्रांतिक आकार. सर्वांत कमी गळती अर्थातच गोलाची. एकाच मिश्रणाच्या उघड्या गोलाला १३० भाग घनफळ पुरत असेल, तर उत्तम प्रमाणाच्या नळकांड्याला १४८ आणि घनाला १६१ भाग लागते. नळकांड्याचे उत्तम प्रमाण म्हणजे उंची व्यासाच्या सुमारे ०.९२ पट, जवळजवळ चौरस दिसणारे. असे असूनही जगातल्या बहुतेक भट्ट्या नळकांड्याच आहेत. गोलात कांड्या घालायच्या आणि काढायच्या कशा, याचे सोयीचे उत्तर कुणाला सापडले नाही.

नुसत्या आकाराने नैसर्गिक युरेनियमचे भागत नव्हते. त्यात भंजनाला उपयोगी पडणारे युरेनियम-२३५ शंभरात एकसुद्धा नाही, सुमारे ०.७ टक्के आहे, उरलेले युरेनियम-२३८. भंजनातून निघालेला न्यूट्रॉन वेगवान असतो. युरेनियम-२३५ चे भंजन सहज व्हावे म्हणून त्याला ग्रॅफाइट किंवा जड पाण्यासारख्या मंदायकात धडका देत मंद करावे लागते, आणि मंद होण्याच्या वाटेवर काही नेमक्या ऊर्जांवर युरेनियम-२३८ त्याला अधाशासारखे गिळते. युरेनियमची पूड आणि ग्रॅफाइट एकजीव कालवले, तर प्रमाण कसेही बदला, साखळी टिकत नाही. फेर्मी आणि झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये सुचवलेली तोड साधी होती: कालवू नका, गोळे करून अंतरावर ठेवा. मग न्यूट्रॉन गोळ्याबाहेर मंदायकात शिरतो, युरेनियमपासून दूर असतानाच तो धोक्याच्या ऊर्जा ओलांडतो आणि मंद होऊन परततो. शिवाय गोळ्याचा बाहेरचा थर त्या ऊर्जांचे न्यूट्रॉन अडवतो, त्यामुळे आतल्या युरेनियम-२३८ पर्यंत ते पोचतच नाहीत. पदार्थ तेच, वजन तेच. मांडणी बदलल्याने न जमणारी गोष्ट जमली. जालकाचा जन्म तो हा. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत चाललेली पहिली भट्टी म्हणजे ग्रॅफाइटच्या विटांचा ५७ थरांचा ढीग, आणि त्यात सुमारे २१ सेंटिमीटर अंतरावर युरेनियमचे गोळे. ढीग गोल रचायचा बेत होता, पण तो पुरा होण्याआधीच साखळी टिकली आणि माथा चपटा राहिला.

या हिशेबात एक शब्द बांधकाम-अभियांत्रिकीतून आला: बकलिंग. माथ्यावर भार पडलेला खांब वाकतो त्याचे समीकरण ऑयलरने अठराव्या शतकात दिले होते, आणि भट्टीत मध्याकडून कडेकडे न्यूट्रॉनांची संख्या उतरत जाते त्याचे समीकरण त्याच धाटणीचे निघाले. बकलिंगला दोन बाजू आहेत. एक भट्टीच्या आकारावरून निघते आणि नुसत्या लांबी-रुंदीत मांडता येते. दुसरी जालकातले पदार्थ आणि पिच यांवरून. दोन्ही सारख्या झाल्या की भट्टी क्रांतिक. प्रयोगाची किल्ली इथे आहे, कारण पहिली बाजू पट्टीने मोजता येते आणि तिच्यावरून दुसरी कळते.

तुर्भ्याची पहिली भट्टी ‘अप्सरा’ ४ ऑगस्ट १९५६ रोजी क्रांतिक झाली. सोव्हिएत संघ वगळता आशियातली ती पहिली. तिचे इंधन ब्रिटनमधून आलेले समृद्ध, म्हणजे युरेनियम-२३५ चे प्रमाण वाढवलेले, युरेनियम होते, मंदायक साधे पाणी. गाभा पाण्याच्या खोल हौदात ट्रॉलीला टांगलेला असे आणि प्रयोगानुसार हौदात सरकवता येई. समृद्ध इंधन असल्याने तिला जालकाची फारशी विवंचना नव्हती. ती विवंचना नैसर्गिक युरेनियमवाल्यांची, आणि भाभांनी आखलेल्या भारताच्या अणुकार्यक्रमाचा पहिला टप्पा नैसर्गिक युरेनियम व जड पाणी यांवरच उभा होता. कॅनडाच्या सहकार्याने बांधलेली ४० मेगावॉटची ‘सायरस’ १९६० मध्ये सुरू झाली, तिचे जालक कॅनडाच्या नमुन्यावरून आले. पुढच्या भट्ट्यांचे जालक स्वतः ठरवायचे तर ते मोजायला वेगळे साधन हवे होते.

ते साधन म्हणजे ‘झर्लिना’. नावच इंग्रजी आद्याक्षरांचे, आणि त्याचा अर्थ जालकांच्या तपासणीसाठी आणि नव्या जुळण्यांसाठी बांधलेली शून्य-शक्तीची भट्टी. जानेवारी १९६१ मध्ये ती क्रांतिक झाली. तिची शक्ती अवघी १०० वॉट, म्हणजे एका जुन्या दिव्याएवढी. वीज तर सोडाच, समस्थानिके बनवणेही तिचे काम नव्हते. टाकीत युरेनियमच्या कांड्या एका पिचवर टांगायच्या, खालून जड पाणी हळूहळू चढवायचे, आणि कुठल्या पातळीला साखळी टिकते ती उंची वाचायची. टाकीची त्रिज्या ठाऊक, पाण्याची उंची मोजलेली. एवढ्यावरून बकलिंग मिळते. मग कांड्या उचलून नव्या पिचवर टांगायच्या आणि पुन्हा पाणी चढवायचे. अप्सरा आणि सायरस यांची नावे सर्वांना माहीत आहेत, झर्लिनाचे क्वचितच कुणाला. पण जड पाण्याच्या भट्टीचा आराखडा स्वतः करू पाहणाऱ्या देशाला तिघींत हीच अधिक शिकवणारी होती. १९८३ मध्ये ती बंद झाली.

तुर्भ्याच्याच ‘पूर्णिमा’ घराण्याची चाल निराळी. मे १९७२ मध्ये क्रांतिक झालेल्या पहिल्या पूर्णिमेत प्लुटोनियम ऑक्साइड होते आणि मंदायक नव्हताच. अशा छोट्या गाभ्यात गळती मोठी, म्हणून निसटणारे न्यूट्रॉन परत फेकणाऱ्या, भोवतीच्या परावर्तकाला महत्त्व. १९८४ च्या पूर्णिमा-२ मध्ये युरेनियम-२३३ द्रावणरूपात वापरले. कांड्याच नाहीत, तर जालक कुठले? तिथे सारी भूमिती भांड्याची.

जालक आखणे एक आणि ते आखल्याप्रमाणे टिकवणे दुसरे, हे तुर्भ्याच्या ‘ध्रुव’ने दाखवले. ही १०० मेगावॉटची स्वदेशी भट्टी ८ ऑगस्ट १९८५ रोजी क्रांतिक झाली, पण उष्णता वाहून नेणाऱ्या शीतकाच्या जोरदार प्रवाहात इंधनाच्या कांड्यांच्या जुड्या थरथरू लागल्या. त्यांना धरून ठेवणारी रचना सुधारावी लागली आणि पूर्ण शक्ती १९८८ मध्ये गाठली गेली.

वीजभट्ट्यांत जालकात जालक असते. तारापूरला १९६९ पासून चाललेल्या पहिल्या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या. त्यांच्या प्रत्येक जुडीत कांड्यांच्या सहा गुणिले सहा अशा ओळी. जड पाण्याच्या २२० मेगावॉट भट्टीत ३०६ आडव्या नळ्या २२.८६ सेंटिमीटरच्या चौरस पिचवर असतात, आणि नळीतल्या प्रत्येक जुडीत १९ कांड्या: मध्ये एक, तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा. तारापूरच्याच तिसऱ्या-चौथ्या, ५४० मेगावॉटच्या भट्ट्यांत आणखी अठरांचे कडे चढवून जुडी ३७ ची केली आणि नळ्या ३९२ झाल्या. एका नाण्याभोवती त्याच मापाची सहाच नाणी चिकटून बसतात, मधल्या कांडीभोवतीचे सहांचे कडे म्हणजे तेच. चहाच्या टेबलावर करून पाहता येते. बाहेर चौकोन आणि आत कडी, हे कोडे वाटते, पण कारणे कामाची आहेत. चौरस पिचवर इंधन भरणाऱ्या यंत्राला नळ्या गाठणे सोपे, आणि गोल नळीत कांड्यांची कडीच नीट मावतात.

याच भूमितीचा उलटा उपयोग इंधनाच्या पुनर्प्रक्रियेत होतो. तिथे साखळी कधीच टिकू नये हा हेतू. तुर्भ्याचा प्लुटोनियम कारखाना १९६० च्या दशकाच्या मध्यावर सुरू झाला. अशा कारखान्यांत प्लुटोनियमच्या द्रावणासाठी बारीक उंच स्तंभ किंवा पातळ सपाट टाक्या वापरतात. पृष्ठभाग मुद्दाम वाढवलेला, म्हणजे गळती एवढी की कितीही ओतले तरी ते क्रांतिक होऊ नये. पोटाळ हंडा तिथे चालत नाही. ३० सप्टेंबर १९९९ रोजी जपानमध्ये तोकाईमुरा इथे कामगारांनी समृद्ध युरेनियमचे द्रावण अरुंद स्तंभाऐवजी रुंद टाकीत ओतले. द्रावण तेच होते, भांडे बदलले आणि साखळी सुरू झाली. दोन कामगार दगावले.

संगणकावर आता भट्टीतली प्रत्येक कांडी आखून न्यूट्रॉनांचे लक्षावधी प्रवास मॉन्टे कार्लो पद्धतीने चालवून पाहता येतात. तरी मोजमाप सुटलेले नाही. थोरियमवर बेतलेल्या प्रगत जड पाणी भट्टीच्या आराखड्यासाठी तुर्भ्याला पुन्हा एक शून्य-शक्तीची भट्टी बांधली गेली. तिच्यातही जड पाण्याची पातळी चढवूनच क्रांतिकता गाठतात, आणि तिच्यातही पिच बदलता येतो. झर्लिनाची ती थेट वारस. ७ एप्रिल २००८ रोजी ती क्रांतिक झाली, तेव्हा तिच्यात नैसर्गिक युरेनियमच्या १९ कांड्यांच्या जुड्या चौरस जालकात टांगलेल्या होत्या आणि पिच २४५ मिलिमीटर होता.