रुस्तम (मानवरहित टेहळणी विमान)

रुस्तम : संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या (डीआरडीओ) बंगळूर येथील वैमानिकी विकास आस्थापनेने (एडीई) तयार केलेले मानवरहित टेहळणी विमान. या नावाखाली दोन वेगळी विमाने येतात. पहिले, म्हणजे रुस्तम-1, मुख्यतः तंत्र अजमावण्यासाठी होते. ही नोंद प्रामुख्याने त्याच्या सुरुवातीच्या चाचण्यांविषयी आहे.

नाव ऐकताच मराठी वाचकाला ‘रुस्तुम-ए-हिंद’ ही कुस्तीतली किताबाची गदा आठवेल. पण विमानाचा आखाड्याशी संबंध नाही. भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक रुस्तम दमानिया यांचे हे नाव. 1980 च्या दशकात राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत (एनएएल) त्यांच्या नेतृत्वाखाली एक हलके संशोधन विमान (एलसीआरए) तयार झाले. अमेरिकी अभिकल्पक बर्ट रुटान यांच्या ‘लाँग-ईझी’ या दोन आसनी विमानाचा आराखडा त्याच्या मुळाशी होता. हौशी लोकांनी घरी बांधावे म्हणून काढलेल्या त्या आराखड्यात फोमच्या गाभ्यावर काचतंतूंचे कापड आणि रेझिन चढवून पंख घडवत. रुस्तम-1 चा सांगाडा याच घराण्यातला.

या घराण्याची ओळख म्हणजे ‘कॅनार्ड’ रचना. नेहमीच्या विमानात आडवा छोटा पंख शेपटीकडे असतो, इथे तो नाकापाशी असतो. विमानाचे नाक गरजेपेक्षा वर गेले, की हा पुढचा पंख मुख्य पंखाच्या आधी उचल गमावतो, नाक आपोआप खाली येते आणि मुख्य पंखाची उचल शाबूत राहते. इंजिन व प्रोपेलर मागे असल्याने नाकाची जागा मोकळी राहते. टेहळणीच्या विमानाला कॅमेऱ्यासाठी नेमकी तीच हवी असते. रुटान यांचेच ‘व्हॉयेजर’ 1986 मध्ये कुठेही न उतरता, वाटेत इंधन न घेता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेही पुढे पंख असलेलेच होते. तासन्‌तास हवेत राहण्यासाठी ही रचना निवडली गेली यात नवल नाही. मात्र मुख्य पंखाची पूर्ण उचल वापरता येत नसल्याने ही विमाने उतरताना वेगात असतात आणि त्यांना धावपट्टी लांब लागते. वैमानिक आत असला तर हे निभावते.

एडीईच्या आधीच्या ‘निशांत’ या मानवरहित विमानाने उतरण्याचा प्रश्नच टाळला होता. ते वाहनावरच्या प्रक्षेपकातून हवेत फेकले जाई आणि पॅराशूटने खाली येई. धावपट्टी लागत नसे, ही सैन्याच्या दृष्टीने सोय. पण असे विमान फार मोठे करता येत नाही, आणि निशांत हवेत जेमतेम साडेचार तास राहू शकत असे. दरम्यान सैन्यदलांनी इस्रायलकडून सर्चर व हेरॉन ही मानवरहित विमाने घेतली. चाकांवर धावून उडणारे आणि चाकांवरच परतणारे देशी विमान हवे, तर उतरण्याला सामोरे जाणे भाग होते. रुस्तम-1 साठी 12 ते 15 तासांचे उड्डाण, 25,000 फुटांची कमाल उंची आणि 75 किलोपर्यंतची उपकरणे असे लक्ष्य ठेवले गेले.

पहिले उड्डाण नोव्हेंबर 2009 मध्ये तमिळनाडूतील होसूरजवळच्या तनेजा एअरोस्पेसच्या खासगी धावपट्टीवरून झाले. विमान धावले, उडाले आणि कोसळले. डीआरडीओने दिलेले कारण साधे होते : उंचीचा अंदाज चुकला आणि जमिनीवरून आज्ञा देऊन इंजिन बंद करण्यात आले. रेटा संपला आणि विमान खाली आले. सांगाड्यात किंवा इंजिनात दोष सांगितला गेला नाही, आणि हीच या अपघाताची खरी शिकवण म्हणायला हवी. या घराण्याची विमाने माणसांनी आत बसून वर्षानुवर्षे उडवली होती. नवे होते ते माणसाला बाहेर काढणे. आसनावर बसलेल्याला जमीन किती जवळ आली हे क्षितिजावरून, धावपट्टीच्या फुगत जाणाऱ्या आकारावरून कळते. खालून आकाशाकडे पाहणाऱ्याकडे यातले काहीच नसते. घात झाला तो याच फटीत.

सुमारे वर्षभराने, 16 ऑक्टोबर 2010 रोजी, त्याच धावपट्टीवरून रुस्तम-1 पुन्हा उडाले, 3,000 फुटांवर अर्धा तास फिरले आणि व्यवस्थित उतरले. त्यानंतर चाचण्यांची मालिका सुरू झाली.

रुस्तम-2 (पुढे ‘तापस-बीएच-201’) याला 2011 मध्ये मंजुरी मिळाली. ते त्याच विमानाची थोरली आवृत्ती आहे असा समज आढळतो, तो चुकीचा आहे. पुढचा पंख गेला. सुमारे 20 मीटरचा लांब सरळ पंख, त्यावर दोन इंजिने आणि इंग्रजी टी अक्षरासारखी शेपटी आली. दमानियांच्या विमानाशी नाते उरले ते नावापुरते. त्याचे पहिले उड्डाण 15 नोव्हेंबर 2016 रोजी कर्नाटकातील चळ्ळकेरे येथील चाचणी केंद्रावर झाले. इथे अडचण उतरण्याची कमी आणि वजनाची जास्त होती : मूळ अंदाज सुमारे 1,800 किलोंचा, प्रत्यक्षात विमान 2,800 किलोंच्या पुढे गेले. 2018 मध्ये अधिक शक्तीची इंजिने बसवावी लागली. सप्टेंबर 2019 मध्ये एक विमान चित्रदुर्ग जिल्ह्यात शेतात कोसळले, ऑगस्ट 2023 मध्ये आणखी एक. 30,000 फूट आणि 24 तास ही लष्कराची अट होती. चाचण्यांत ते सुमारे 28,000 फूट आणि 18 तासांपर्यंत पोहोचले. जून 2023 मध्ये चळ्ळकेरेहून निघालेल्या तापसचा ताबा कारवारपासून 148 किलोमीटर दूर समुद्रात असलेल्या ‘आयएनएस सुभद्रा’ या नौकेने हवेतच घेतला. एकूण साडेतीन तासांच्या उड्डाणानंतर विमान चळ्ळकेरेच्याच धावपट्टीवर परतले.