हँडलाची उंची
पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. १८८५ सालीं स्टार्ली यांनीं इंग्लंडांत काढलेल्या ‘रोव्हर’च्या वळणाच्या सायकली पुढें येथें घरोघर आल्या. त्यांच्या हँडलाची दांडी पुढील चाकाच्या चिमट्याच्या नळींत उतरे व पाचर तिला आंतून आवळून धरी. वरचा बोल्ट सैल करून त्यावर ठोका दिला, कीं हँडल वरखालीं होई. एकच सायकल वडिलांना व मुलालाहि चाले. १९९० नंतर बिनआट्यांची रचना पसरली. तींत हँडलाची पकड नळीला बाहेरून आवळते. उंची मधल्या कड्यांवर ठरते आणि कापलेली नळी पुन्हां वाढत नाहीं. रचना हलकी व ताठ झाली हें खरें. परंतु घरांत वाढणाऱ्या मुलाची सोय उणावली. साध्या सायकलींत जुनी पाचर टिकली, यांत आम्हांस मागासलेपण दिसत नाहीं.