केसी जोन्स : चित्रांतला आणि रुळांवरचा



इ. स. १९५० सालीं वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रशाळेनें मुलांसाठीं सुमारें आठ मिनिटांचा एक चित्रपट काढला. त्याचें नांव 'द ब्रेव्ह इंजिनिअर'. अमेरिकेंत 'इंजिनिअर' म्हणजे आगगाडीचें इंजिन हांकणारा. आपण त्यास ड्रायव्हर म्हणतों. या हलत्या चित्रांत केसी जोन्स नांवाचा ड्रायव्हर टपाल वेळेवर पोंचविण्यासाठीं जिवाचें रान करतो. पूर येतो, लुटारू गाडींत शिरतात, शेवटीं इंजिन दुसऱ्या गाडीवर आदळतें. आणि तरीहि हा पठ्ठ्या मोडकें इंजिन घेऊन स्टेशनांत हजर होतो. मुलें खदखदून हंसतात, आणि त्यांनीं हंसावें हेंच योग्य. परंतु केसी जोन्स हा कल्पनेंतला पुरुष नव्हे, आणि खरा केसी स्टेशनांत पोंचला नाहीं.

जॉन ल्यूथर जोन्स याचा जन्म १८६३ चा. केंटकी संस्थानांतील केसी या गांवीं तो लहानाचा मोठा झाला, म्हणून लोक त्यास केसी म्हणूं लागले. इलिनॉय सेंट्रल रेल्वेंत तो ड्रायव्हर होता. गाडी वेळेवर नेण्याबद्दल त्याची ख्याति होती. त्याच्या इंजिनाची शिट्टीहि निराळी. रात्रीं ती ऐकून रुळांलगतचे लोक केसी चालला हें ओळखीत.

ता. ३० एप्रिल १९०० च्या पहांटेची गोष्ट. एक ड्रायव्हर आजारी पडल्यामुळें केसीनें त्याची पाळी पत्करली आणि ३८२ नंबरचें इंजिन घेऊन तो मेम्फिसहून निघाला. कँटनपर्यंतचें अंतर १८८ मैल, आणि गाडी निघतांनाच तासाहून अधिक उशीर झालेला. तो उशीर त्यानें वाटेंत जवळजवळ भरून काढला. पण मिसिसिपींतील व्हॉन या स्टेशनावर निराळाच पेंच पडला होता. तेथें बाजूच्या रुळावर दोन मालगाड्या उभ्या होत्या. त्या मिळून इतक्या लांब कीं सर्व डबे त्या रुळावर मावेनात. अशांत ब्रेकची हवेची नळी फुटली, आणि मागचे कांहीं डबे मुख्य रुळावरच अडकून राहिले.

केसीबरोबर सिम वेब नांवाचा कृष्णवर्णीय फायरमन होता. वळणावर पुढच्या गाडीचे दिवे प्रथम त्यालाच दिसले. त्यानें ओरडून सांगितलें. केसीनें त्यास उडी मारावयास सांगितलें आणि आपण ब्रेक लावून जागेवर राहिला. वेग जवळजवळ निम्म्यावर आला, तेव्हां टक्कर झाली. त्या अपघातांत मृत्यु एकट्या केसीचा झाला; उतारू बचावले, वेबहि बचावला.

कंपनीच्या चौकशींत दोष केसीवर ठेवण्यांत आला : निशाणवाल्याच्या इशाऱ्याकडे त्यानें लक्ष दिलें नाहीं. सिम वेब पुढें सांगत असे कीं, तसा इशारा आम्हांस दिसलाच नाहीं. दोहोंपैकीं खरें कोणतें याचा निवाडा इतक्या वर्षांनीं करणें कठीण. पण मेलेला मनुष्य साक्ष देऊं शकत नाहीं, आणि वेळ भरून काढण्याची ओढ लावणारी कंपनीच न्यायासनावर बसली होती, एवढें इतिहासाच्या विद्यार्थ्यानें ध्यानांत ठेवावें.

केसीस कीर्ति मिळाली ती चौकशीमुळें नव्हे, तर गाण्यामुळें. कँटनच्या इंजिनखान्यांत इंजिनें पुसण्याचें काम करणारा वॉलेस साँडर्स नांवाचा एक कृष्णवर्णीय मजूर होता. त्याचा केसीवर लोभ होता. त्यानें आपल्या पोवाड्याच्या जातीचें एक गीत रचलें. तें तोंडोतोंडीं पसरलें, वाढलें, बदललें. १९०९ सालीं तें छापून निघालें, तेव्हां कर्ते म्हणून नांवें सीबर्ट व न्यूटन या दोघांचीं होतीं; साँडर्सचें नव्हतें. त्यांतील एका कडव्यानें केसीच्या पत्नीच्या शीलावर शिंतोडे उडविले, आणि त्या बाईस उरलेल्या आयुष्यांत त्याचा इन्कार करीत राहावें लागलें.

डिस्नेचा चित्रपट या गाण्याच्या वंशांतला आहे. आठ मिनिटांच्या गमतींत मरण नको, म्हणून केसी जिवंत राहिला. त्याबद्दल माझी तक्रार नाहीं. मात्र केसीस एकट्यानें इंजिन चालवितांना दाखविलें आहे. वाफेचें इंजिन एकट्याच्यानें चालत नसतें. कोळसा घालणारा दुसरा लागतोच. त्याच १९५० सालीं, अपघातास पन्नास वर्षें पुरीं होत असतां, अमेरिकेच्या टपालखात्यानें केसीच्या चित्राचें तीन सेंटांचें तिकीट काढलें. सिम वेब त्या वेळीं हयात होता. तो १९५७ सालीं वारला.