मगनवाडीचा हिशेबनीस

लक्ष्मीपूजनाच्या रात्री वह्यांना हळदकुंकू वाहणाऱ्या घरांत हिशेबनिसाची कथा सांगितली, तर ती अवेळी ठरू नये. आमचे बोरगाव मेघे आज वर्ध्याला इतके चिकटले आहे की गाव कुठे संपले आणि शहर कुठे लागले, हे परक्याला उमगत नाही. त्या वर्ध्यातच मगनवाडी आहे. घाण्याचे तेल, हातसडीचा तांदूळ, हातकागद यांची बाजू तेथे बसून हिरिरीने मांडणारा गृहस्थ तेली नव्हता, शेतकरी नव्हता आणि मराठीही नव्हता. तो लंडनमध्ये तयार झालेला हिशेबतपासनीस होता.

जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांचा जन्म १८९२ साली तंजावरच्या एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनमध्ये हिशेबशास्त्र शिकून ते मुंबईस परतले आणि चांगला जम बसवला. पुढे अमेरिकेत गेले. तेथे एका व्याख्यानात त्यांनी हिंदुस्थान दरिद्री का, हा प्रश्न चर्चिला. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक सेलिग्मन यांनी त्यांना याच विषयावर प्रबंध लिहावयास सुचविले. सरकारी जमाखर्च तपासता तपासता या तपासनिसाला एक गोष्ट दिसली, आणि ती पुन्हा त्याच्या नजरेआड झाली नाही. पैसा रयतेकडून येतो आणि रयतेकडे परतत नाही.

हा प्रबंध छापावा म्हणून ९ मे १९२९ रोजी ते साबरमतीस गेले. अंगावर रेशमी सूट, हातात काठी. वेळ व्हायची होती म्हणून आवारात हिंडत असता झाडाखाली सारवलेल्या जमिनीवर सूत काढीत बसलेला एक म्हातारा दिसला. तोच गांधी, हे कळल्यावर कुमारप्पा त्या रेशमी विजारीनिशी खाली बसले! गांधीजींनी प्रबंध ‘यंग इंडिया’त छापण्याचे कबूल केले आणि लागलीच काम सोपविले : खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी. गुजरातीचा गंध नसलेल्या माणसाने गुजराती खेड्यांचा जमाखर्च मांडायचा! गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी हाताशी घेऊन त्यांनी तो मांडला. पेढीऐवजी आता तालुका तपासायचा होता, एवढाच काय तो फरक.

१९३१ साली तर त्यांच्यापुढे साम्राज्याचीच खतावणी आली. हिंदुस्थानच्या माथी मारलेल्या सार्वजनिक कर्जापैकी खरोखर कोणते कर्ज आपले आणि कोणते इंग्लंडचे, हे ठरविण्यासाठी काँग्रेसने समिती नेमली. तिचे निमंत्रक कुमारप्पाच होते.

परंतु परक्याचा हिशेब तपासणे त्या मानाने सोपे असते, कस लागतो तो आपल्या माणसांपुढे. जानेवारी १९३४ मध्ये बिहारात भीषण भूकंप झाला. मदतनिधीचे हिशेब पाहण्यास कुमारप्पा गेले आणि स्वयंसेवकामागे रोजचा खर्च मोजक्या आण्यांत बांधून टाकला. गांधीजींचा परिवार आला तेव्हा त्यांनी महादेवभाईंना स्वच्छ सांगितले की, हा खर्च निधीतून मिळणार नाही. ज्याच्या शब्दावर नोकरीधंदा सोडला, त्यालाच खर्च नाकारायचा! गांधीजींनी कारण ऐकून घेतले व नियम मान्य केला. मला या माणसाचा मोठेपणा त्यांच्या साऱ्या ग्रंथांहून या एका नकारात अधिक दिसतो.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी बाग दिली, श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष झाले आणि कुमारप्पा चिटणीस. तेलाचेच उदाहरण घ्या. तीळ वा भुईमूग गिरणीत गेला की मजुरी बाहेर, नफा बाहेर आणि पेंडही बाहेर. गावच्या घाणीत तेल काढले तर मजुरी तेल्याच्या घरी आणि पेंड बैलाच्या दावणीला. तांदळाचेही तसेच : गिरणी कोंडा काढून टाकते आणि त्याबरोबर सत्त्वही जाते, मग पोट भरते पण अंगी काही लागत नाही. रॉकेलच्या नावाने गावाबाहेर जाणारा पैसा थांबावा म्हणून मगनवाडीत वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ तयार झाला. दिवाळीच्या पणतीत तेल घालणाऱ्या आजीबाईंना यात नवल वाटणार नाही, पण खर्चाच्या बाजूला हा दिवा मांडायला हिशेबनीसच लागला.

पुढे मध्यप्रांत सरकारसाठी त्यांनी सहाशेहून अधिक खेड्यांची औद्योगिक पाहणी केली. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी मगन संग्रहालयाचे उद्घाटन केले. बेचाळीसच्या चळवळीनंतर जबलपूरच्या तुरुंगात कुमारप्पांनी निसर्गाचेच खाते उघडले. कोळसा, खनिज तेल हे साठे म्हणजे मुद्दल, आणि पाणी, झाडे, पीक हे चालू उत्पन्न. मुद्दल खाऊन दिवाळी करणाऱ्या घराचे काय होते, हे कोणत्याही सावकाराला विचारावे.

त्यांचे सारेच मला पटते असे नाही. यंत्राविषयीचा त्यांचा संशय कधी कधी अतीच होई आणि घाणी तर गिरणीपुढे टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या कृषिसुधारणा समितीचे ते अध्यक्ष झाले. १९४९ सालच्या अहवालात त्यांनी कसेल त्याची जमीन हे सूत्र धरले, पण देशाची योजना मोठ्या कारखान्यांच्या वाटेने निघाली. कुमारप्पा मग वर्धा जिल्ह्यातल्याच सेलडोहला शेतीचे प्रयोग करू लागले, आणि प्रकृती ढासळल्यावर मदुरा जिल्ह्यातील कल्लुपट्टीस गेले. १९६० साली, ३० जानेवारीस त्यांचे निधन झाले.