‘प्रत्याख्यातभिषक्क्रिय’ : एका स्मृतिपदाचा अर्थ

अत्रिस्मृतींत आशौचाच्या अनुषंगानें दोन श्लोक येतात. त्यांचा आशय असा : जो वृद्ध झाला आहे, ज्याचें शौचाचें भान सुटलें आहे, आणि जो ‘प्रत्याख्यातभिषक्क्रिय’ आहे, अशानें कड्यावरून उडी घेऊन, अग्नींत शिरून, अन्न सोडून किंवा पाण्यांत शिरून स्वतःचा अंत केला, तर त्याचें आशौच तीन रात्री धरावें, दुसऱ्या दिवशीं अस्थिसंचयन, तिसऱ्या दिवशीं उदकदान व चवथ्या दिवशीं श्राद्ध करावें. एरवीं आत्मघात्यास उदक नाहीं, आशौच नाहीं, श्राद्ध नाहीं. म्हणूनच हा अपवाद मिताक्षराकारांनीं व अपरार्कानें मुद्दाम नोंदला आहे. पुण्याच्या आनंदाश्रमानें १९०५ सालीं काढलेल्या ‘स्मृतीनां समुच्चयः’ ह्या ग्रंथांत अत्रि छापलेला असल्यामुळें मूळ पाहणें वाचकांस अवघड नाहीं.

ह्या श्लोकांतील एका पदाविषयीं आम्ही येथें लिहीत आहों. तें पद आम्हांस निव्वळ व्युत्पत्तीच्या हौसेनें आठवलें नाहीं, हें आरंभींच सांगणें प्रामाणिकपणाचें होईल. गेल्या पावसाळ्यांत आमचे वडील बंधू पक्षाघाताच्या दुसऱ्या झटक्यानंतर एकवीस दिवस अतिदक्षता विभागांत व्हेंटिलेटरवर होते. शुद्ध आली नाहीं, व येणार नाहीं असें डॉक्टरांनीं सांगितलें. पुढें काय करावयाचें तें घरच्यांनीं ठरवावें, असा निरोप आला तेव्हां वहिनींनीं आम्हांस विचारलें, “भावोजी, तुम्ही इतकीं पुस्तकें वाचलींत. शास्त्रांत काय सांगितलें आहे?” त्या रात्रीं आम्हांस अत्रीचें हें पद आठवलें, आणि आम्हीं तें आम्हांस हव्या त्या अर्थानें वाचलें. सकाळीं आम्हीं वहिनींस सांगितलें कीं, शास्त्राची आडकाठी नाहीं. पुढें नियमाप्रमाणें डॉक्टरांच्या दोन मंडळांचा अभिप्राय झाला, वहिनींनीं सही केली, आणि बंधू गेले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या रात्रींच्या वाचनाची दुरुस्ती होय.

‘प्रत्याख्यात’ म्हणजे नाकारलेली, ‘भिषक्क्रिया’ म्हणजे वैद्याचा उपचार. समास बहुव्रीहि, ह्यांत वाद नाहीं; वाद विग्रहांत आहे. ‘येन’ असा विग्रह केला, तर उपचार नाकारणारा रोगी स्वतः ठरतो. ‘यस्य’ असा केला, तर उपचार त्याच्या बाबतींत नाकारला गेला एवढेंच कळतें. कोणीं नाकारला तें समास सांगत नाहीं. वैद्यांनीं हात टेकले असतील, किंवा घरच्यांनीं ‘आतां पुरे’ म्हटलें असेल. कर्ता अनुक्त आहे असें पाहून त्या रिकाम्या जागीं आम्हीं आम्हांसच बसविलें. पुढील ‘घातयेत्’ हें प्रयोजक रूपही आमच्या मदतीस धांवून आलें. दुसऱ्याकडून अंत करवून घेणें असा अर्थ त्यांतून ओढून काढतां येतो, आणि तो आम्हीं काढला.

दिवसाउजेडीं पाहतां ह्यांतलें कांहींच टिकत नाहीं. हन् धातूचें णिजन्त रूप साध्या मारण्याच्या अर्थीं संस्कृतांत सर्रास येतें. त्याचें कर्म ‘आत्मानं’ हें आहे. आणि साधनें म्हणून कडा, अग्नि, अनशन व जल हीं सांगितलीं आहेत, माणूस सांगितलेला नाहीं. शाळेंत एखाद्या विद्यार्थ्यानें असा अर्थ लावला असता, तर आम्हीं त्यास बांकावर उभें केलें असतें.

मग नाकारणारा कोण? ह्यासाठीं वैद्यकग्रंथांकडे जावें लागतें, कारण हा शब्द त्यांच्या घरचा आहे. चरकाच्या सूत्रस्थानांतील दहाव्या अध्यायांत रोगांचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य व प्रत्याख्येय असे वर्ग केले आहेत. असाध्य रोगास हात घालणाऱ्या वैद्याचें धन, विद्या व यश हीं जातात, असेंही तेथें बजावलें आहे. तेव्हां ‘प्रत्याख्यान’ करणारा हा वैद्य, ह्याविषयीं आम्हांस आतां शंका वाटत नाहीं. आणि भारतरत्न काणे यांनींही आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासांत ह्या पदाचा भाव वैद्यकीय उपचार निरुपयोगी झालेला असाच घेतला आहे.

येथपर्यंत तर आमच्या बंधूंस हें पद लागू पडतें असें वाटेल. पण ‘याप्य’ म्हणजे काय, हें सुश्रुतानें सूत्रस्थानांत सांगितलें आहे, तें वाचून आम्ही थबकलों. ज्यास उपचार धरून ठेवतो आणि उपचार थांबतांच जो तत्काळ नाश पावतो, तो याप्य. पडूं पाहणाऱ्या घरास नीट दिलेला धिरा जसें त्यास उभें ठेवतो, तसें त्याचें. व्हेंटिलेटरवरील माणसाचें ह्याहून नेमकें वर्णन आजच्या भाषेंतही करतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं. म्हणजे सुश्रुताच्या व्याख्येनें आमचे बंधू प्रत्याख्येय नव्हते, याप्य होते. अर्थात् सुश्रुतापुढें जो याप्य रोगी होता तो पथ्य पाळणारा, बोलणारा-चालणारा होता. चेतना गेल्यावर केवळ श्वास चालविणारा धिरा त्या काळीं नव्हता. तो काढावा कीं न काढावा, हें त्यानें सांगितलेलें नाहीं. रोग्याच्या वतीनें संमति घेण्याची कल्पना मात्र त्यास परिचित होती : मुतखड्याच्या शस्त्रक्रियेसंबंधानें तो म्हणतो कीं, न केल्यास मृत्यु निश्चित, केल्यास संशय, म्हणून ‘ईश्वरा’स, म्हणजे ज्याची सत्ता त्यास, विचारून ती करावी. ही संमति जीव वांचविण्याच्या धाडसासाठीं आहे, हें विसरतां कामा नये.

आतां इतिहासाकडे वळूं. अत्रीच्या श्लोकांचें सर्वांत ठळक उदाहरण कल्याणीच्या चालुक्यवंशांत सांपडतें. पहिला सोमेश्वर उर्फ आहवमल्ल ह्यास दाहज्वर जडला. औषधांनीं गुण येईना. तेव्हां त्यानें मंत्र्यांस आपला निश्चय सांगितला, त्यांनीं तो मान्य केला, आणि शके ९९० च्या चैत्रांत, म्हणजे इ. स. १०६८ मध्यें, त्यानें कुरुवत्ती येथें तुंगभद्रेंत देह सोडला. ही हकीकत बिल्हणाच्या विक्रमाङ्कदेवचरिताच्या चवथ्या सर्गांत आहे. हें काव्य ब्यूलर यांस १८७४ सालीं जेसलमेरच्या जैन भांडारांत मिळालें व १८७५ सालीं मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेंत छापलें गेलें. तें भांडार त्या वर्षीं उघडलें नसतें, तर राजाच्या आजाराची व मंत्र्यांच्या संमतीची ही हकीकत आपणांस कळती ना. मात्र बिल्हणावर सर्वस्वीं विसंबूं नये. तो विक्रमादित्याचा राजकवि. बापाच्या अंतकाळीं विक्रम दिग्विजयावर होता व कृष्णातीरीं त्यास ही वार्ता कळली, हें तो ज्या कळवळ्यानें सांगतो, त्यांत वडील भावास दूर सारून १०७६ सालीं गादीवर आलेल्या धन्याची बाजू राखण्याचा हेतु दिसतो. पण जलप्रवेशास शिलालेखाचा स्वतंत्र आधार आहे, म्हणून मुख्य गोष्ट निःशंक धरावी.

ह्याच विक्रमादित्याच्या राजधानींत विज्ञानेश्वरानें मिताक्षरा लिहिली. ग्रंथाच्या शेवटीं त्यानें कल्याण नगराचें व राजाचें गौरवानें स्मरण केलें आहे. ज्या राजाच्या बापानें वैद्यांनीं हात टेकल्यावर पाण्यांत प्रवेश केला, त्याच्या आश्रयानें लिहिणारा टीकाकार आत्मत्याग्यांच्या आशौचाचा विचार करतांना अत्रीचा अपवाद पुढें मांडतो. त्या दोहोंत कार्यकारणभाव जोडण्याइतका पुरावा नाहीं. पण त्या दरबारांत हें वचन केवळ पोथींतलें राहिलें नसेल, इतकें म्हणण्यास हरकत नाहीं.

ह्या उदाहरणांतही निश्चय राजाचा. मंत्र्यांनीं संमति दिली, निर्णय घेतला नाहीं. जैनांच्या सल्लेखनेंतही तेंच. समंतभद्रानें रत्नकरण्डश्रावकाचारांत उपसर्ग, दुर्भिक्ष, जरा व रोग हे ‘निःप्रतीकार’ झाले असतां देहत्याग सांगितला आहे. तो शब्द आमच्या पदाचा सख्खा भाऊ शोभेल. ज्या श्रवणबेळगोळाच्या मराठी ओळीमुळें तें स्थळ आपणां सर्वांस पूज्य झालें आहे, तेथें अशा व्रतस्थांचीं स्मारकें डोंगरभर पसरलीं आहेत. पण व्रत घेणारा शुद्धीवर असावा लागतो. आतुरसंन्यासासही मन किंवा वाणी यांतील एक तरी शाबूत लागते. अगदीं अलीकडे १९६६ सालीं सावरकरांनीं व १९८२ सालीं पवनार येथें विनोबांनीं अन्नौषध सोडलें, तेंही स्वतःच्या निश्चयानें. बेशुद्ध माणसाच्या वतीनें दुसऱ्यानें असा निश्चय करण्यास आधार आम्हांस ह्यांतील कोठेंच दिसला नाहीं.

उलट अत्रीचा अपवादही पुढें बंद झाला. वृद्धादिकांनीं कडा किंवा अग्नि यांच्या योगें मरण पत्करणें व महाप्रस्थानास जाणें हीं कलिवर्ज्यांत घातलीं गेलीं. कमलाकरभट्टांच्या निर्णयसिन्धूंत (१६१२) कलिवर्ज्यांची ती चर्चा आहे. निबंधकारांनीं हें कां केलें असावें, ह्याचें एक कारण बंगालच्या गंगायात्रेकडे पाहिलें असतां सुचतें. तेथें मरणोन्मुख माणसास आप्त नदीकांठीं नेत व देहाचा अर्धा भाग पाण्यांत ठेवीत. कोणास केव्हां न्यावयाचें हें घरचीं माणसें व कविराज ठरवीत. आणि एकदां घाटावर नेलेला माणूस जगलाच, तर त्यास घरांत परत घेणें अशुभ समजत. एकोणिसाव्या शतकांत ह्यास घाटावरचे खून असें नांव पडलें. तें सरसकट खरें नव्हे; पुष्कळ घरांत ती भक्तीची शेवटची सेवा होती. पण म्हातारा इस्टेटवाला असला म्हणजे भक्ति कोणती व घाई कोणती, हें कोण सांगणार? आपली भूमिशय्येची चाल त्या मानानें सौम्य. तरी मरणाऱ्यास कॉटवरून खालीं केव्हां घ्यावयाचें हा निर्णय आमच्याही घरांतून वडीलधारी मंडळीच घेत आलीं आहेत.

विद्यमान न्याय ह्या जुन्या धास्तीस विसरलेला नाहीं. मुंबईच्या केईएम रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग ह्यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं अत्याचार झाला व त्या चेतनाहीन झाल्या. त्यांचें अन्न थांबवावें अशी विनंति लेखिका पिंकी विराणी यांनीं केली. सर्वोच्च न्यायालयानें ७ मार्च २०११ रोजीं ती नामंजूर केली. त्यांच्या वतीनें बोलण्याचा अधिकार इतकीं वर्षें भरविणाऱ्या-धुणाऱ्या रुग्णालयाच्या सेवकवर्गाचा, असें ठरविलें. आणि उपचार मागें घेण्याचा मार्ग तत्त्वतः मोकळा करून त्यास उच्च न्यायालयाच्या संमतीचें कुलूप घातलें. शानबाग १८ मे २०१५ रोजीं वारल्या. त्या परिचारिका सपिंड नव्हत्या. पण सुश्रुताचा धिरा म्हणावा तर तो त्यांच्या हातांचा होता, आणि तो काढण्यास त्यांनीं नकार दिला. पुढें ९ मार्च २०१८ रोजीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें माणसानें शुद्धींत असतां करून ठेवलेला इच्छालेख ग्राह्य ठरविला. असा लेख नसेल तेथें आप्तांची संमति व डॉक्टरांचीं दोन मंडळें ह्यांची रीत घालून दिली. आणि २४ जानेवारी २०२३ रोजीं ती रीत सुटसुटीत केली. लेख आतां नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर होऊं शकतो. आमच्या व्याकरणांत बोलावयाचें, तर इच्छालेख हा ‘येन’ आणि मंडळ हें ‘यस्य’. आप्तांची संमति लागते, पण ती एकटी पुरत नाहीं. बंधूंनीं असा लेख केला असता तर आम्हांस अत्रीकडे जावेंच लागलें नसतें.

एक गोष्ट राहिली, ती आमच्या उपाध्यायांची. त्यांस सर्व हकीकत ठाऊक होती. त्यांनीं तीन रात्रींचें नांवही काढलें नाहीं; दहा दिवसांचें आशौच सांगितलें, आणि खाटेवर मरण आल्याबद्दल कृच्छ्राचें प्रत्याम्नाय करविलें. म्हणजे त्यांच्या लेखीं हा आत्मत्याग नव्हता, कोणाचा घातही नव्हता. रोगानें आलेलें मरण होतें. न्यायालयही यंत्र काढण्यानंतरच्या मृत्यूस मूळ रोगाचाच मृत्यु समजतें. आमचा तर्क चुकला होता, हें मात्र त्यानें पुसलें जात नाहीं. आम्हीं तें वहिनींस सांगितलें. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें व वर्षश्राद्ध नेहमींच्या रीतीनेंच करावयाचें ना, एवढें विचारलें. होय म्हणून आम्हीं सांगितलें.

सभासदांस विनंति कीं, ज्यांच्या संग्रहीं अत्रिसंहितेच्या अथवा आशौचनिर्णयाच्या जुन्या पोथ्या असतील, त्यांनीं ह्या श्लोकांशेजारीं समासांत कोणा जुन्या वाचकाची टीप किंवा विग्रह असल्यास त्याची नक्कल आमच्याकडे धाडावी. ‘येन’ कीं ‘यस्य’, एवढें कळलें तरी पुरे. नक्कल करतांना पोथीचा शक व लेखकाचें नांव अवश्य उतरून घ्यावें.