पन्हाळा ते विशाळगड : एक वाट, तीन फौजा

भिलाईच्या गणेशोत्सवात पावनखिंडीचा प्रसंग किती वेळा रंगला असेल, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. पुठ्ठ्याचे कडे उभे राहतात, लाकडी तलवारी खणखणतात, तोफेचा आवाज होतो आणि बाजीप्रभू धारातीर्थी पडतात. अशाच एका प्रयोगानंतर माझ्या नातवाने मला विचारले, "आजोबा, खिंड एवढीशी होती, तर शत्रू तिला वळसा घालून का नाही गेला?"

मुलाचा प्रश्न रास्त होता. जन्मापासून सपाट मुलुख पाहिलेल्या, वाट म्हणजे सेक्टरमधला सरळ डांबरी रस्ता असे जाणणाऱ्या मुलाला तो पडणारच. त्याचे उत्तर चरित्रग्रंथांपेक्षा त्या भूमीत अधिक आहे. म्हणून या सुवर्णमहोत्सवी अंकात वीरांच्या आधी त्या वाटेविषयी लिहिण्याचे योजिले आहे.

पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाणारी ही वाट साधारण 50 ते 60 किलोमीटरची आहे. पन्हाळ्याच्या राजदिंडीने उतरून तुरुकवाडी, म्हाळुंगे या गावांवरून वाटसरू मसाईच्या पठारावर चढतो. हे पठार म्हणजे जांभ्या दगडाचा अफाट सडा. वर झाड जवळपास नाही, आडोसा नाही. पावसाळ्यात गवत, पाणी आणि धुके एवढेच काय ते. दहा पावलांवरचा सोबती दिसेनासा होतो. पठार उतरले की कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी, पाटेवाडी अशा वाड्यांमधून ओढे ओलांडीत, भातखाचरांच्या चिखलात पाय रुतवीत, रानातून वाट पांढरपाण्याकडे जाते. पुढे कासारी नदीच्या उगमाकडील घळीत ती खिंड आहे. तिचे मूळ नाव घोडखिंड. तेथून गजापूरवरून विशाळगड, म्हणजे पूर्वीचा खेळणा किल्ला.

या रानाची पहिली मोठी नोंद पंधराव्या शतकातील आहे. इ.स. 1453 च्या सुमारास बहामनी सरदार मलिक-उत्-तुजार खेळण्याच्या मोऱ्यांवर चालून गेला. फिरिश्ता सांगतो की, पराभूत शिर्क्याने वाट दाखविण्याचे पत्करले आणि ती फौज घनदाट अरण्यात नेऊन सोडली. रात्री हल्ला झाला. खुद्द मलिक-उत्-तुजार तेथे मारला गेला. वाट माहीत नसलेल्याने वाटाड्यावर विसंबावे, आणि वाटाड्या आपला नसावा, याचा हा परिणाम.

दुसरी कथा आपली सर्वांची. अफझलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांत, 28 नोव्हेंबर 1659 रोजी, शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. खेळणाही त्याच सुमारास हाती आला व त्याचा विशाळगड झाला. मार्च 1660 मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला. राजापूरच्या इंग्रज व्यापाऱ्यांनी त्याला तोफगोळ्यांची मदत केली. त्याची किंमत त्यांना पुढच्याच वर्षी राजापुरात मोजावी लागली. इकडे शाइस्तेखान पुण्यात येऊन बसला होता आणि जून 1660 पासून त्याने चाकणलाही वेढा घातला होता. महाराज पन्हाळ्यावर अडकून पडणे म्हणजे स्वराज्याचाच प्राण कोंडणे होते.

आषाढ पौर्णिमेच्या रात्री, 12 जुलै 1660 रोजी, महाराज भर पावसात गड उतरले. बरोबर सुमारे सहाशे निवडक लोक, त्यांत हिरडस मावळातील बांदलांची तुकडी व बाजीप्रभू देशपांडे. दुसरी पालखी मुद्दाम रुळलेल्या रस्त्याने पाठविण्यात आली व तीत महाराजांच्या वेषात बसलेल्या शिवा काशीदांनी प्राण दिला, असे परंपरा सांगते. फसगत ध्यानात येताच सिद्दी मसूद पाठलागावर निघाला. दुसऱ्या दिवशी निम्मे लोक घेऊन बाजीप्रभू खिंडीत उभे राहिले. पलीकडे विशाळगडाच्या पायथ्याशी सुर्वे व दळवी यांचा वेढा होता. तोही फोडूनच महाराजांना गडावर पोहोचावे लागले. जेधे शकावलीसारख्या जुन्या साधनात बांदलांच्या या लढाईची नोंद आहे. तोफांच्या इशाऱ्याची कथा मात्र नंतरच्या परंपरेने आपल्याला दिली.

तिसरी फौज आपल्या नाटकांत कधीच येत नाही. डिसेंबर 1701 मध्ये औरंगजेबाच्या सैन्याने विशाळगडास वेढा घातला. त्याआधी आंब्याच्या परिसरातील वाट सैन्यासाठी मोकळी करून घ्यावी लागली. किल्ला परशुराम त्रिंबक यांनी सहा महिने लढविला व जून 1702 मध्ये, मोठी रक्कम घेऊन, खाली करून दिला. बादशहाने त्याचे नाव सखरलना ठेवले. मग ती अवाढव्य छावणी ऐन पावसाळ्यात पन्हाळ्याकडे परत निघाली. जदुनाथ सरकारांनी तत्कालीन साधनांच्या आधारे हा प्रवास वर्णिला आहे. ओढ्यांना पूर, उंट-हत्ती चिखलात रुतलेले, दाणावैरण मिळेनाशी, सामान वाटेतच टाकून दिलेले. सुमारे तीस मैलांच्या या मजलेला 38 दिवस लागले! जी वाट सहाशे मावळ्यांनी एक रात्र व एक दिवस यांत तोडली, तीच त्र्याऐंशी वर्षांच्या शहेनशहाला सव्वा महिना पुरली.

पाऊस तोच आणि चिखलही तोच. फरक होता तो ओझ्याचा आणि माहितीचा. पोलादाच्या कारखान्यात ज्यांनी आयुष्य घालविले, त्यांना वजन हलविण्यासाठी आधी मार्ग बांधावा लागतो हे सांगायला नको. मावळ्यांनी मार्गाला पेलेल एवढेच बरोबर घेतले; बादशहाने राजधानीच बरोबर आणली. नातवाच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. दोहोंकडे कडे, खाली फुगलेले पाणी, भोवती अनोळखी रान. तेथे मोठ्या फौजेला तातडीने वळसा घालणे साधत नाही. बाजीप्रभूंनी नुसती छाती पुढे केली नाही; उभे राहण्याची जागा अचूक निवडली. पराक्रमाच्या जोडीला हे शहाणपण होते, एवढे मुलांना सांगितले तर पराक्रम उणा होत नाही, उलट समजतो.

इ.स. 1844 च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी विशाळगडाची मोडतोड केली व जहागीरदारांचे ठाणे मलकापुरास गेले. आज तेथे पडके तट, ओसाड जोती आणि बाजीप्रभू व फुलाजी या बंधूंच्या समाध्या आहेत. जुलै 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत जे बारा मराठा किल्ले आले, त्यांत पन्हाळा आहे, विशाळगड नाही. मधल्या वाटेला तर कोणतीच यादी नाही. ती चालणाऱ्यांच्या पायांनी जिवंत आहे. दर आषाढात शेकडो तरुण ती चालतात, बहुधा दोन दिवसांत. खिंडीत आता लोखंडी शिड्यांनी उतरता येते.

भिलाईकरांना कोल्हापूर दूर खरे, पण गोंदियाला महाराष्ट्र एक्स्प्रेस मिळते आणि ती थेट कोल्हापुरास पोहोचविते. आपल्या तरुणांनी एकदा गावचा माहितगार बरोबर घेऊन, पाठीवर जेमतेम ओझे ठेवून ही वाट चालावी. परत आल्यावर पुठ्ठ्याचे कडे त्यांनीच रंगवावेत. ते अधिक खरे उतरतील, आणि एखाद्या लहानग्याने प्रश्न विचारलाच, तर उत्तर द्यायला आजोबांची गरज उरणार नाही.