तोंडाची कोरड : दर वेळी तहानच नव्हे

एप्रिल-मे महिन्यांत जालना जिल्ह्यात पारा चाळिशीपलीकडे जातो, तेव्हा तोंडाला कोरड पडणे ही कोणाला तक्रार वाटत नाही. पाणी प्यायले, मोसंबीचा रस घेतला की भागते, असा सर्वसाधारण समज. कोरड पाण्याने शमत असेल तर तो चुकीचाही नाही. मात्र पाणी पिऊन थोडा वेळ होतो न होतो तोच जीभ टाळूला चिकटत असेल, ज्वारीच्या भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नसेल, तर उणीव पाण्याची नसून लाळेची असू शकते.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती अन्न ओले करते, आम्ल सौम्य करते, दातांना खनिजे पुरविते आणि जंतूंना आवर घालते. लाळ आटली की दात हिरड्यांलगत झपाट्याने किडतात, जिभेवर बुरशी धरते, कवळी टोचू लागते.

या कोरडीमागे पुष्कळदा रोजच्या गोळ्या असतात. रक्तदाबावरील काही औषधे, लघवी वाढविणारी औषधे, ॲलर्जी आणि नैराश्यावरील गोळ्या यांचा हा परिणाम ठाऊक असलेला आहे. वृद्धांना तर अशा अनेक गोळ्या एकदम सुरू असतात. त्या परस्पर बंद करू नयेत. सर्व गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी; मात्रा, वेळ किंवा औषध बदलता येते का, हे तेच ठरवू शकतात. वारंवार लघवी आणि अतोनात तहान असल्यास रक्तातील साखर तपासावी. तोंडासोबत डोळ्यांतही कोरड व खुपल्यासारखे वाटत असेल, तर श्योग्रेन विकाराची शंका घ्यावी. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. तो प्रामुख्याने मध्यमवयीन स्त्रियांत आढळतो. डोके व मानेच्या कर्करोगावरील किरणोपचारांनीही लाळग्रंथी दुबळ्या होतात.

गुटख्याची गोष्ट अधिक फसवी. राज्यात २०१२ पासून त्यावर बंदी आहे, पण सवय सुटणे वेगळे. सुपारी चघळताना लाळ सुटते, म्हणून कोरडीवर तोच उतारा वाटतो. प्रत्यक्षात सुपारीने गालांची आतील त्वचा ताठर होऊन तोंड उघडणे कठीण होते, आणि कर्करोगाचा धोका वाढतो तो निराळाच.

मग जालन्याची मोसंबी? भौगोलिक मानांकन लाभलेल्या या फळाने लाळ सुटते, हे खरे. परंतु त्यातील साखर व आम्ल धुऊन काढायलाही लाळच लागते. दिवसभर रसाचे घुटके घेणे कोरड्या तोंडातील दातांना महागात पडते. जेवणासोबत चार फोडी खाव्यात, नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी. खडीसाखर आणि लिंबाच्या गोळ्या तर टाळलेल्याच बऱ्या.

त्याऐवजी पाण्याचे लहान घोट वरचेवर घ्यावेत. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून पिणाऱ्यांनी बर्फाचा लहान खडा चघळावा, तोही त्याच हिशेबात धरून. साखरविरहित च्युइंगम उपयोगी पडते. भाकरी वरणात वा दुधात कुस्करून खावी. चहा-कॉफी कमी करावी, मद्यार्कयुक्त माऊथवॉश वापरू नये, दात फ्लोराइडयुक्त पेस्टने दोनदा घासावेत. रात्री तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्यांनी नाक चोंदण्यावर इलाज करावा.

एवढ्याने आराम न पडल्यास कृत्रिम लाळ किंवा पिलोकार्पिनसारखे औषध दिले जाते. दमा व काचबिंदूच्या काही रुग्णांना ते चालत नसल्याने ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे लागते. दातांच्या तपासणीसाठी जालन्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगर येथे, शासकीय दंत महाविद्यालय आहे.